कोणाकडे?

आमच्या गावात नवा माणूस दिसला की त्याला पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात: कोणाकडं? म्हणजे कोणाच्या घरी आलास, इथलं कोण तुला ओळखतं. उत्तरात घराचं नाव आलं नाही, तर तो माणूस गावाबाहेर पडेपर्यंत गाव त्याच्या पाठीवर डोळे लावून बसतं. मीटर वाचायला येणारा, गॅसवाला, जनगणनेची बाई, सगळे या प्रश्नातून गेलेत. माझ्या लग्नाला नवऱ्याकडची माणसं वज्रेश्वरीच्या बाजूने टेम्पो भरून आली, तर टेम्पो पारापाशी अडवून त्यांनाही हेच विचारलं. नवरदेव गळ्यात हार घालून पुढच्या सीटवर बसलेला, त्याचीही सुटका झाली नाही. तुमच्या गावात जावईसुद्धा संशयित, असं तो मला पुढे जन्मभर चिडवायचा.

असं का, म्हणून विचारलं की म्हातारी माणसं खाडीकडे बोट दाखवतात. खाडीच्या पलीकडे फिरंगी आणि अलीकडे आपले, असा एक काळ होता. आमचं गाव त्या हद्दीवरचं. म्हणून इथे कोट बांधला, बुरूज उभे केले, तटाच्या भिंतीत बंदुकीची नळी बसेल एवढी भोकं ठेवली. पलीकडून हेर यायचे म्हणे, कधी मीठ विकायला, कधी सुकी मासळी घेऊन. किती हेर आले आणि किती बिचारे खरोखरच मीठ विकायला आले होते, हे कोणी मोजलं नाही. फिरंगी गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. आता पलीकडे संध्याकाळी फक्त टॉवरचे दिवे लागतात, तरी आमचं गाव अजून हेर शोधतंय.

तटाचे दगड लोकांनी केव्हाच उचलून नेले. कोणाच्या जोत्यात गेले, कोणाच्या गोठ्यात. उरला तो खाडीकडचा अर्धा बुरूज, त्याच्यावर पिंपळ, आणि कोटाची वेस. वेस म्हणजे काळ्या दगडाची मोठी कमान, गावाचं एकुलतं एक दार. गाव दाराच्या आत आणि आमची वस्ती दाराच्या बाहेर. तेव्हा वस्तीला जातीचं नाव होतं, आता प्रवेशाच्या पाटीवर बुद्धाचं आहे. आणि गंमत बघा, ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनाच दार राखायला बसवलं होतं.

माझा आजा वेसकर होता. घुंगरू बांधलेली काठी घेऊन वेशीच्या बाहेरच्या अंगाला एका दगडावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, कोणाकडं? स्वतः आत जाताना त्याला अंग चोरून जावं लागायचं, पण दुसऱ्याला आत सोडायचं की नाही ते त्याच्या हातात. दाराच्या फळ्या त्याच्याही आधी वाळवीने खाल्ल्या होत्या. बंद करायला दार उरलं नव्हतं, तरी बसायला माणूस लागत होता.

मग आमच्या लोकांनी धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, आणि आज्याने बुरुजावर चढून काठी खाडीत फेकली. ही गोष्ट मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती घुंगरं माझ्या कानात वाजतात. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर जयंतीला, धम्मचक्र दिनाला, कोणाच्या बारशालाही त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं की काठी येणारच. दर वर्षी ती थोडी जास्त लांब जाऊन पडायची. आधी किनाऱ्याजवळ, मग खाडीच्या मध्यावर. शेवटी शेवटी तर ती ठाण्याला जाऊन पडते की काय, असं वाटायचं. पण आम्ही हसायचो नाही. त्या काठीवरून आमच्या घरात एक नियम झाला होता आणि त्याला अपवाद नव्हता: कुणाच्या दारात बसायचं न्हाय. चुलतभावाला शिपायाची नोकरी लागली तेव्हाही बाबांनी आधी विचारलं, तुझं स्टूल कुठं ठेवलंय? आत हाय का भायेर?

हे सगळं सांगायचं कारण, मी सव्वा वर्ष दारात बसत होते आणि बाबांना त्याचा पत्ता लागू देत नव्हते.

नवरा गेल्यावर मी बाबांकडे राहायला आले. मूलबाळ नाही, आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मी कापडाचे तागे तपासायची. सूत कुठे तुटलंय, कुठे गाठ आलीय, ते शोधून खडूने खूण करायची. वीस वर्षं दोष शोधून नजर तशीच झाली; चांगला तागा समोर आला तरी यात काहीतरी लपवलंय असं वाटायचं. मग लूम भंगारात गेले आणि आम्ही घरी बसलो. त्याच सुमारास कळलं की नव्या गोडाऊनला लेडीज गार्ड हव्यात.

हे नवं गोडाऊन म्हणजे आमच्या वेशीभोवतीच उठलेलं. काल्हेरपासून अंजूरपर्यंत शेतांची गोडाऊनं झालीच आहेत, तशी कोटाची जमीनही गेली. दहा फूट उंच भिंत, वर काटेरी तार, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. मला तर वाटलं, कोट परत बांधला. गावाने पलीकडून रस्ता काढून घेतला होता, त्यामुळे वेशीची अडचण कोणाला झाली नाही. ती भिंतीच्या आत राहिली, शेड नंबर तीनच्या मागे.

नोकरी देताना एजन्सीची एक अट होती. गेटवर लोकल माणूस नको. लोकल माणसाचे भाऊबंद बाहेर उभे असतात, तो मालाला वाट करून देतो, असा त्यांचा हिशेब. अटीतला संशय मला बोचला, पण राग यायला वेळ नव्हता. माझ्या आधार कार्डावर सासरचं नाव आणि वज्रेश्वरीकडचा पत्ता होता. तो मी पुढे केला. इकडे कोणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही.

घरी सांगितलं, काल्हेरला पॅकिंगचं काम लागलं.

तेव्हापासून घरापासून दहा मिनिटांवरच्या कामाला मी पाऊण तास प्रवास करून जाऊ लागले. सकाळी गावातून रिक्षात बसायचं, काल्हेरच्या नाक्यावर उतरायचं, तिथून दुसऱ्या रिक्षाने मागच्या रस्त्याने परत यायचं आणि खाडीकडच्या गेट नंबर दोनवर हजर व्हायचं. गणवेश पिशवीत. टोपीखालून स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधलेला, धुळीचं निमित्त सगळ्यांनाच पटतं. गावातले कंत्राटदार एक नंबरने जायचे, दोन नंबरला ट्रक आणि शहरातून बसने येणाऱ्या बायका. तरी एखादा ओळखीचा चेहरा दिसला की मी रजिस्टरात मान घालायची.

रजिस्टरात रकाने होते: नाव, कुठून, कोणाकडे, काम, आत, बाहेर. पहिल्या दिवशी तिसरा रकाना मी दोनदा वाचला. मग ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, राजस्थानचा, माझ्या दुप्पट. मी विचारलं, किसके पास? त्याने मुकाट्याने सांगितलं. मी मान हलवली आणि बॅरियर वर गेला.

संध्याकाळी बायका सुटल्या की त्यांची तपासणी माझ्याकडे. डबा उघडायचा, पर्स उलटी करायची, पदर झटकायचा, पायातल्या चपला काढून दाखवायच्या. हे काम कोणाला आवडेल? पण मी ते चोख करायची. एकदा एकीच्या डब्याच्या खाली दुसरा तळ सापडला आणि आत मोबाईलचे दोन चार्जर. सुपरवायझर म्हणाला, दीदी, आपकी आँख तो मशीन है. हा उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा, कडक पण खोटारडा नाही. त्याच्यावरही कोणीतरी दुसऱ्या गावात बसून कॅमेऱ्यातून नजर ठेवत होतं.

घरी मात्र माझीच तपासणी सुरू झाली, असं मला वाटायला लागलं.

बाबांचं वय ऐंशीच्या पुढे, पण नजर कंडक्टरची. बिनतिकिटाचा प्रवासी ते पाठीवरून ओळखायचे. ज्याच्याकडे तिकीट नाही तो खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो, हे त्यांचं शास्त्र. मी घरी आले की ते ओटीवर बसलेले असायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, “आज काय पॅक केलं, बाय?”

“साबण.”

“कंचा?”

मी काहीतरी सांगायची. ते मान डोलवायचे आणि हवेत वास घेतल्यासारखं करायचे. साबणाच्या गोडाऊनमधून आलेल्या बाईला घामाचा वास कसा, असं ते मनात म्हणत असणार, अशी माझी खात्री. दुसऱ्या दिवसापासून मी कपाटातली साबणाची वडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग एक दिवस बाबांनी पाण्याची मोठी बाटली आणली. “ही नेत जा. ऊन लई हाय.” पंख्याखाली पॅकिंग करणाऱ्या बाईला उन्हाची काय काळजी? मी सावध झाले. पुढच्या आठवड्यात माझ्या पिशवीत सुती मोज्यांचा जोड निघाला. घरातून मी चपला घालून निघायची, बूट गोडाऊनवर ठेवलेले. मोजे कशाला? विचारलं तर म्हणाले, “बाजारात दिसले, घेतले. थंडी येईल.” तेव्हा एप्रिल चालू होता. हे मला खिंडीत गाठतायत, कबूल करायला लावतायत, असं धरून मी ते मोजे तसेच कपाटाच्या तळाला टाकले. बाप प्रेमाने काही देत असेल, ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

त्याच दिवसांत बाबा दुपारचे घरात नसतात असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. जेवले की छत्री घेऊन निघतात, दोन तासांनी येतात, आणि कुठं गेला होता म्हटलं की म्हणतात, पाय मोकळे करायला. काकूंचा संशय जमिनीवर होता. गोडाऊनवाल्यांशी तुझे वडील काहीतरी बोलणी करतायत, त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, लक्ष ठेव. माझा संशय वेगळाच. मला वाटलं, ते काल्हेरला जाऊन माझी चौकशी करतायत.

दोघींचेही अंदाज चुकले. ते मला एका शुक्रवारी दुपारी कळलं.

सुपरवायझरने केबिनमध्ये बोलावलं. समोर कॅमेऱ्याचा पडदा, आणि त्यात आमच्या मागच्या भिंतीलगतचा कच्चा रस्ता. भिंतीच्या कडेने एक म्हातारा चालत होता. थांबायचा, टाचा उंचावून वर बघायचा, छत्रीच्या टोकाने भिंत ठोकायचा, चार पावलं पुढे जायचा, परत वर बघायचा. एके ठिकाणी त्याने दोन विटा एकमेकींवर ठेवल्या, त्यांच्यावर चढला, तारेकडे हात नेला आणि तोल जाऊन खाली उतरला.

“हफ्ते भर से रोज़ आ रहा है,” सुपरवायझर म्हणाला. “ये रेकी है, दीदी. बुड्ढे को आगे भेजते हैं, उस पे कोई शक नहीं करता. आप बाहर की हो, फिर भी पूछता हूँ. कभी देखा है इसको?”

चेहरा छोटा दिसत होता, पण चाल दिसत होती. धावत्या गाडीत उभं राहून सवय झालेली, पाय फाकवून टाकलेली चाल. सदऱ्याच्या खिशाला वेगळ्या कापडाचं ठिगळ मी स्वतः लावलं होतं. हो म्हटलं असतं तर मी लोकल ठरले असते, खोटा पत्ता देऊन लागलेली, आणि भिंत हुंगणारा म्हातारा माझा बाप. चार्जर पकडणाऱ्या बाईवर चोरांना वाट दाखवल्याचा आळ आला असता. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागला माहीत नाही, पण तोंडातून शब्द लगेच गेला.

“नहीं. नहीं पहचानती.”

“ठीक है. अब दिखा तो पकड़ के बिठाएंगे.”

त्या संध्याकाळी मी घरी आले ती भांडायच्या तयारीने. काय करत होता तिथे, असं विचारायचं होतं. पण विचारणार कसं? तुम्हाला तिथे बघितलं असं म्हटलं तर मी कुठे होते ते सांगावं लागलं असतं. चहा करून त्यांच्यासमोर ठेवला. “दुपारी उन्हात फिरू नका,” एवढंच म्हटलं.

बाबा चहा प्यायले नाहीत. त्यांच्या हातात जुना तिकिटं टोचायचा पंच होता. तो त्यांनी निवृत्त होताना कसा ठेवून घेतला हे एसटीलाच माहीत. विचारात असले की तो रिकामाच वाजवायचे. बराच वेळ टकटक झाली आणि मग ते म्हणाले, “काठी तुझ्या आज्यानं न्हाय फेकली. मी फेकली.”

“तुम्ही?” मी म्हटलं.

“सगळी जमली व्हती बुरुजावर. दुसऱ्यांनी आपापल्या टाकल्या. हा तसाच धरून उभा. मी मॅट्रिकला व्हतो, लई तापट. हातातनं हिसकली आन् दिली भिरकावून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागनं मी सांगताना त्याचं नाव घातलं. त्याला बरं वाटंल म्हणून.”

पंच दोनदा वाजला.

“मंग तो दुपारचा गायब व्हायला लागला. खाडीवर जातो, खेकडं-चिंबोऱ्या धरायला, म्हणायचा. यायचा तवा हातात एक चिंबोरी न्हाय आन् पायाला चिखल न्हाय. एक दिवस गेलो मागं. वेशीतच बसला व्हता, त्याच दगडावर. काठी न्हाय, काय न्हाय. येणाऱ्याला इचारत व्हता. माझ्यासंगट शाळेतली पोरं व्हती, शहरातली. त्यातला एक बोलला, हा म्हातारा तुला बघून उठला, कोण रं तुझा? मी बोललो, कुणी न्हाय. आन् त्याच्या समोरनं आत गेलो.”

“मग?”

“मंग काय. त्यानं ऐकलं. घरी आला, जेवला. मरंपर्यंत त्यावर एक शब्द बोलला न्हाय. आन् मीबी इचारलं न्हाय, बा, तू का बसतोस. मी धरून चाललो, भाकरीसाठी बसतो. लाचार हाय, म्हटलं.”

आता तुम्हीच सांगा, दुपारीच बापाला नाकारून आलेल्या बाईने हे ऐकून काय करावं? मी त्यांच्या पायाशी बसून सगळं कबूल करायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिलं आलं ते असं: यांना कळलंय. सुपरवायझरने यांना गाठलं, मी काय बोलले ते सांगितलं, आणि आता हे आज्याची गोष्ट सांगून माझ्या तोंडून काढतायत. मी कपबशी उचलली आणि आत गेले. सव्वा वर्ष लपवून माणूस असा होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी मनात म्हणत होते, आज नका येऊ. दोन वाजता ट्रकची रांग लागलेली असताना रस्त्याच्या पलीकडे छत्री दिसली. बाबांनी कार्यक्रमाला घालायचा पांढरा सदरा घातला होता, इस्त्री केलेला. भिंतीच्या मागच्या बाजूला न जाता ते सरळ गेटकडे येत होते. माझ्या जोडीच्या गार्डने त्यांना बघितलं आणि जाऊन दंड धरला. “चाचा, इधर आओ.”

सुपरवायझर धावत आला. “यही है. किसके पास जाना है, चाचा? क्या काम है?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. टोपी, स्कार्फ, मध्ये दोन डोळे. मी पेन धरून उभी होते. तिसरा रकाना माझ्या बोटाखाली होता. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की ते उत्तर शोधत नाहीत, मला वाचवायचं कसं ते शोधतायत.

“किसी के पास नहीं,” ते म्हणाले. “रास्ता चुकला.”

तीस वर्षं लोकांना रस्ता सांगितलेला माणूस, घरापासून दहा मिनिटांवर.

“देखा? झूठ बोल रहा है,” गार्ड म्हणाला. सुपरवायझरने माझ्याकडे रजिस्टर सरकवलं. “दीदी, एंट्री करो. नाम पूछो, टाइम डालो. काम में लिखो, संदिग्ध. मैं फोटो निकालता हूँ.” बाबांनी फोटोसाठी छत्री मिटून काखेत धरली आणि सरळ उभे राहिले.

मी न विचारता त्यांचं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कुठून, त्यापुढे आमच्या गावाचं नाव. गार्ड म्हणाला, अरे, पूछो तो सही. मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, माझ्याकडे.

सुपरवायझरने वाकून वाचलं. “माझ्याकडे मतलब?”

मी स्कार्फ सोडला. गाठ सुटता सुटेना. “मतलब मेरे पास. मेरे पिताजी हैं. मैं इसी गाँव की हूँ.”

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. गार्डने बाबांचा दंड सोडला आणि सदऱ्यावर पडलेली चुणी हाताने नीट केली, ते मी विसरणार नाही. सुपरवायझर बराच वेळ रजिस्टराकडे बघत होता. माझ्यापेक्षा त्याचीच जास्त पंचाईत झाली होती. मशीनसारख्या डोळ्यांची बाई म्हणून त्याने वरच्या साहेबांकडे माझं कौतुक केलं होतं. शेवटी बाबांना म्हणाला, “अंदर क्या देखना था आपको?”

“वेस,” बाबा म्हणाले. “पुराना दरवाज़ा. मेरे बाप की बैठने की जगह है.”

“वो पत्थर?” त्याने मागे शेडकडे बघितलं. “दस मिनट. फिर दीदी, आप केबिन में आइए.” मी त्या केबिनमध्ये गेले तेव्हा काय झालं ते थोडक्यात सांगते: गेट दोनवरची ती माझी शेवटची शिफ्ट. पोलिसात दिलं नाही, हे त्याचे उपकार. पुढच्या सोमवारपासून मी घरी होते, आणि हे लिहिते आहे तेव्हाही दुसरं काम शोधतेच आहे.

पण त्याआधीची दहा मिनिटं आमची होती. शेड नंबर तीनच्या मागे कमान उभी होती, तिला टेकवून माल ठेवायचे लाकडी पॅलेट रचलेले. बाबा पुढे, मी गणवेशात मागे. एवढीशी कमान. लहानपणी मला ती आभाळाएवढी वाटायची. बाहेरची बाजू कोणती ते ठरवायला बाबांना क्षणभर लागला, कारण आता दोन्ही बाजू आतच होत्या. मग दोन पॅलेट मी ओढले आणि खाली तो दगड निघाला, मध्ये बसून बसून गुळगुळीत झालेला.

“भिंतीवरनं दिसतो का बघत व्हतो,” बाबा म्हणाले. “गेटातनं आलो असतो तर तुला इचारावं लागलं असतं. काल तुला सांगून टाकलं, मंग आज गेटातनंच आलो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पयल्या दिवशी. घोट्यावर मोज्याचा वळ व्हता. आन् कपाळावर टोपीचा.”

“बोलला का नाहीत?”

“काय बोलू? लपवणारा माणूस मी एकदा बघितलेला हाय. त्याला बोलून काय झालं?” ते दगडाकडे बघत होते. बसले नाहीत. मग माझ्याकडे वळले, आणि ऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला संकोच होता.

“बाय, एक इचारू? तू का बसतेस?”

उत्तरं तयार होती. लूम बंद पडले, दुसरं काम मिळेना, घर चालवायचं होतं. सगळी खरी होती. सव्वा वर्ष मी ती मनात घोळवून ठेवली होती, नेमकी याच प्रश्नासाठी. पण तपासणाऱ्या बाईला आपल्या डब्याचा दुसरा तळ माहीत असतो. नोकरी मी बाबांपासून लपवली होती, ही गोष्ट मी स्वतःपासून.

“मला आवडतं, बाबा,” मी म्हटलं. “मी विचारते आणि ते थांबतात. एवढे मोठे ट्रक घेऊन थांबतात. मी मान हलवली की जातात.”

मला वाटलं, आता ओरडतील. किंवा तोंड फिरवून निघून जातील. बाबा हळूच खाली वाकले, सदरा मळेल याचा विचार न करता त्या दगडावर बसले, आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडा चाचपत राहिले.

“आवडत असंल,” ते म्हणाले. “त्यालाबी आवडत असंल. मी काठी हिसकली ना गं त्याची.”